आतड्यातील वतनदार

मृगाचा पाऊस स्थिरावून उल्हास नदी दुथडी भरून वाहू लागली, आणि कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या वस्त्यांत गटारांच्या कडेने गेलेल्या झिजलेल्या जलवाहिन्यांत, पुरवठा बंद असण्याच्या वेळी, सांध्यांवाटे मलिन पाणी शिरू लागले, म्हणजे जुलाब, आंव आणि विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात, हे या भागातील प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. आंत्ररोगाच्या जंतूंचा अभ्यास करण्यात ज्याचे आयुष्य ठाणे जिल्ह्यातच गेले, त्या मला मात्र या साऱ्या चर्चेत एका पक्षाची दखल घेतली जात नाही, याचे फार वाईट वाटते. पाण्याविषयी बोलले जाते, जंतूविषयी बोलले जाते, औषधाविषयी तर सर्वांत अधिक. परंतु जंतू ज्या मुलखात शिरतो त्या आतड्यात पूर्वापार वहिवाट असलेल्या वतनदारांची विचारपूस कोणी करीत नाही.

हे वतनदार म्हणजे आपल्या मोठ्या आतड्यात राहणारे सूक्ष्मजीव. प्रौढ देहात त्यांची संख्या अदमासे अडतीस लाख कोटी, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीची आहे. ज्वारी-नाचणीतील आणि पालेभाज्यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्याला आंबवून ते ब्यूटिरेटसारखी आम्ले निर्माण करतात. आतड्याचे अस्तर त्या आम्लांवर पोसले जाते, पोसताना प्राणवायू खर्च करते, आणि त्यामुळे आतील पोकळी प्राणवायुविरहित राहून परक्या जंतूला तेथे बस्तान बसविणे कठीण जाते. १९५४ साली शिकागोच्या मार्जोरी बोनहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिन दिले, तेव्हा ज्या साल्मोनेला जंतूंची एरव्ही लाखभर संख्या लागे, ते दहांहूनही कमी संख्येने त्यांना ग्रासू शकले. औषधाने जंतूंना बळ दिले नव्हते. पहारा तेवढा उठविला होता.

साल्मोनेलाची चतुराई याहून खोल आहे. तो अस्तराला मुद्दाम दाह आणतो, आणि त्या दाहातून उत्पन्न होणाऱ्या टेट्राथायोनेट नामक गंधकयुक्त द्रव्यावर श्वसन करून, ज्यांना ते साधत नाही अशा मूळ रहिवाशांवर मात करतो. हे रहस्य २०१० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उलगडले. विषमज्वराचा जंतू त्याचाच सगोत्र, पण वृत्तीने निराळा. ‘व्ही-आय’ नावाचे शर्करावरण पांघरून, फारसा दाह न माजविता, तो लहान आतड्यातून रक्तात उतरतो आणि कित्येकांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. हेच आवरण टिटॅनसच्या प्रथिनाला जोडून केलेली लस २०१८ साली आपल्याच जिल्ह्यातील नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक बालकांना दिली. सरकारी यंत्रणेने ही लस देण्याचा जगातील तो पहिला प्रसंग होता, आणि ठाणेकरांना त्याचा जितका अभिमान असावा तितका दिसत नाही.

याउलट, विषमज्वराच्या निदानासाठी फ्रेंच वैद्य विडाल यांनी १८९६ साली काढलेल्या चाचणीवर, ती पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही होकारार्थी येते हे माहीत असून, आपण अद्याप विसंबतो आणि प्रतिजैविके सुरू करतो. पहिली मात्रा देण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे, अशी माझी वैद्यबंधूंना कळकळीची विनंती आहे. तीव्र पटकी, रक्ती आंव किंवा विषमज्वर असता प्रतिजैविक द्यावेच लागते. परंतु साध्या जुलाबाला जलसंजीवनीच हवी. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीतील मृत्यू शेकडा तिसांवरून चारांच्या आत आणले. साध्या जुलाबाला दोन दिवस गोळ्या घेऊन सोडून देणारा मनुष्य आपल्याच वतनदारांना बेदखल करतो, आणि पुढच्या दूषित घोटाला दार उघडे ठेवतो.

आपले हे रहिवासी कोण, याची दप्तरी नोंद आता कोठे सुरू झाली आहे. २०१४ साली पुण्याच्या संशोधकांनी मानवी विष्ठेतून ‘मेगास्फेरा इंडिका’ ही नवी जाती वेगळी काढली. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत नाचणी, वरी व रानभाज्यांवर राहणारी कुटुंबे अद्याप आहेत. पाकीटबंद खाद्ये आणि वारंवार दिली जाणारी प्रतिजैविके त्यांच्याही घरी पोहोचू लागली आहेत. त्यांच्या संमतीने व त्यांच्या हक्काची रीतसर तजवीज करून तेथील नमुने लवकर घेतले जावेत, आणि ते पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव-संग्रहात दाखल व्हावेत, यासाठी जिल्ह्यातील तरुण संशोधकांनी पुढे यावे, अशी माझी इच्छा आहे.