वयाची सीमा आणि देशाची सीमा

देशाची सीमा ओलांडली म्हणून कोणाचे वय वाढत नाही की घटत नाही. चित्रपटगृहाच्या दारात मात्र ते वाढते आणि घटतेही, असे उत्तर युरोपातील शेजारी देशांचे नियम वाचताना आमच्या ध्यानी आले.

1982 साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा चित्रपट निघाला. परग्रहावरचा एक जीव पृथ्वीवर मागे राहतो आणि एक मुलगा त्याला आपल्या घरी लपवून ठेवतो, अशी ती कथा. आपल्याकडे तिला कोणीही बालकथाच म्हणेल. परंतु फिनलंडने 8 वर्षांखालील, स्वीडनने 11 वर्षांखालील, तर नॉर्वेने 12 वर्षांखालील मुलांना तो पाहण्यास मनाई केली. नऊ वर्षांच्या फिनिश मुलाने जो चित्रपट खुशाल पाहावा, त्याच्यासाठी त्याच वयाच्या स्वीडिश मुलाने आणखी दोन वर्षे थांबावे! चित्रपटात मोठी माणसे मुलांच्या शत्रूंसारखी दिसतात, हे स्वीडनमधील मनाईचे एक कारण म्हणून त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. आम्ही पेशाने शिक्षक. त्यामुळे हे कारण वाचून अंमळ थबकलो. मोठ्यांचे भय वाटण्यासाठी मुलांना परग्रहापर्यंत जावे लागते काय? गणिताचा एक तास पुरेसा होतो.

नॉर्वेने 1980 साली 'लाइफ ऑफ ब्रायन' या विनोदी चित्रपटावर काही काळ बंदी घातली, तेव्हा शेजारच्या स्वीडनमध्ये 'नॉर्वेत बंदी यावी इतका विनोदी' अशी त्याची जाहिरात झाली. शेजाऱ्याची भीती ही अशी थट्टेचा विषय होते. असो.

डेन्मार्कची रीत मात्र निराळी. प्रौढांसाठीची चित्रपट-तपासणी त्या देशाने 1969 सालीच रद्द केली. स्वीडनला त्यासाठी 2011 साल उजाडावे लागले. डेन्मार्कमध्ये मुलांसाठी 7, 11 आणि 15 या मर्यादा आहेत. तथापि सात वर्षे पूर्ण झालेले मूल मोठ्या माणसाबरोबर असेल, तर त्याला कोणताही चित्रपट पाहता येतो. उलट नॉर्वेत 18 ची मर्यादा पालक शेजारी बसले तरी हटत नाही. एका देशाने निर्णय आईबापांच्या हाती दिला. दुसऱ्याने शेवटची किल्ली आपल्याजवळ ठेवली.

आपल्या देशातही ही किल्ली थोडी थोडी हातबदल करीत आली आहे. 1952 च्या कायद्यानंतर कित्येक वर्षे सर्वांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी असे दोनच मुख्य वर्ग होते. 1983 साली पालकांच्या मार्गदर्शनाचा मधला वर्ग आला, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्याचे 7, 13 व 16 असे तीन भाग झाले. या मधल्या वर्गात मूल काय पाहील ते पालकांनी ठरवावे, अशी योजना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, डेन्मार्कची रीत आम्हांला मनापासून आवडते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मुलाबरोबर बसायला मोठे माणूस मोकळे असावे लागते. आमच्या वर्गात अशी मुले आहेत की ज्यांचे वडील वर्षातले कित्येक महिने बोटीवर असतात आणि आई दिवेलागणीला कामावरून परतते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसावे? कायदा 'पालक' हा शब्द लिहून मोकळा होतो. अशा मुलांसाठी सरकारी आकड्याचा कठोरपणा कधी कधी दयाळूही ठरत असेल, असे आम्हांला वाटते.

म्हणून शाळेत चित्रपट दाखवायचा असला की आम्ही तो आधी स्वतः पाहतो, आणि ज्यांना जमेल त्या घरच्या मंडळींनी यावे असा निरोप मुलांबरोबर धाडतो. गेल्या खेपेस सातवीतील एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली. वादळात होडी उलटण्याचा प्रसंग आला तेव्हा आजीने डोळ्यांवर पदर घेतला. नात तिचा हात धरून, पुढे काय होत आहे ते हलक्या आवाजात कोंकणीतून तिला सांगत राहिली.