आडनाव नसलेली माणसं

'अ‍ॅनॉनिमस' हा शब्द आपल्याला कॉम्प्युटरवाल्यांना रोजचा. अ‍ॅनॉनिमस लॉगिन, अ‍ॅनॉनिमस फंक्शन... पण हा शब्द जिवंत माणसांच्या किती कामाचा आहे, ते मला सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

माझे बाबा पितात. म्हणजे पार्टीत एखादा पेग वगैरे नाही. रोज. हे वाक्य इंग्रजीत म्हटलं की दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातलं वाटतं. मराठीत लिहिलं की थेट आपल्या स्वयंपाकघरातून ऐकू येतं. म्हणून आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना अवघड जात असलं तरी हा लेख मराठीतच. (आणि बाबांना विचारूनच.)

आमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, की आईचं उत्तर ठरलेलं, "पित्ताचा त्रास आहे हो." नातेवाइकांकडे उपायांची कमी नव्हती. कुणी देवासमोर शपथ घ्यायला सांगे, तर कुणी चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्या. त्या गोळ्यांचं नाव काढताच आमचे डॉक्टर चिडले. तसलं औषध पोटात असताना दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, म्हणाले. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर फिट्सही येऊ शकतात, त्यामुळे सोडतानाही डॉक्टर हवाच. मग त्यांनी ए.ए.चं, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं नाव सांगितलं.

फोन मी केला. पलीकडच्या काकांनी माझं नाव, पत्ता काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बाबा स्वतः यायला तयार आहेत का?"

"नाही."

"मग बाळा, तू आणि आई या. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते."

बोलावणं बाबांसाठी मागितलं आणि मिळालं मला!

नंतर वाचलं, की ही सगळी चळवळच एका फोनमधून सुरू झाली. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन! त्याने फोन धरला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत तो दुसरा एखादा दारुडा शोधत होता, बोलायला. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ. हे सर्जन पंधरा मिनिटांसाठी म्हणून आले आणि सहा तास बसले. डॉ. बॉबनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. पुढे १९५१ साली बिलची बायको लोइस हिने घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' सुरू केलं. भारतात ए.ए. १९५७ पासून आहे.

आमची मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. फळ्यावर पाचवीचा गृहपाठ तसाच. छोट्या बाकांवर मोठ्या बायका कशाबशा मावलेल्या. एक ताई सांगत होत्या, नवऱ्याला ताप आलाय असा ऑफिसला फोन करून करून त्यांना खोटं बोलणं पाठच झालं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्याकडे पित्त असतं." सगळ्या हसल्या. आईसुद्धा! या विषयावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथे शिकवतात ते एवढंच, की ही दारू तुमच्यामुळे सुरू झाली नाही आणि तुमच्या पहाऱ्याने थांबणारही नाही. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर ज्या सिस्टिमचा नॉब आपल्या हातात नाही, तो फिरवत बसू नका. बाटल्या शोधणं आईने सोडलं. ऑफिसला फोन करणंही.

चार महिन्यांनी बाबा स्वतःच म्हणाले, "तुमचं ते कुठे असतं? मला चालेल का?"

ए.ए.च्या 'ओपन' मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, वाटलं तर टाकायचं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा हवी, बाकी अट नाही. बाबा पहिल्या तीन मीटिंगना काहीच बोलले नाहीत. चौथ्या वेळी उभे राहिले, फक्त पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी अल्कोहोलिक आहे." आमच्या आडनावाची लाज सांभाळण्यात घराची इतकी वर्षं गेली होती. त्या खोलीत आडनाव लागलंच नाही.

सिनेमासारखा शेवट मात्र नाही. मध्ये एकदा बाबा घसरले. पुढच्या आठवड्यात परत त्याच बाकावर जाऊन बसले. कुणी प्रवचन दिलं नाही, चहा दिला. आज त्यांचा एकशे बारावा दिवस. उद्याचं आम्ही बोलत नाही.

मित्रांनो, आपल्या वर्गात मी एकटीच असेन असं मला वाटत नाही. घरचं कुणी असेल, किंवा हॉस्टेलवरचा तूच असशील. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. आणि कुठल्याशा शाळेच्या वर्गात संध्याकाळी एक बाक रिकामा असतो. नाव नाही सांगितलं तरी चालतं.

— तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी