सोलापूर : 'राहिलेल्या' माणसांचं गाव

दिवसभरात आपण 'राहिलं' हा शब्द किती वेळा उच्चारतो, ते एकदा मोजून पाहा. दळण आणायचं राहिलं. छत्री गाडीत राहिली. दोन भाकऱ्या राहिल्या. सुनेला दिवस राहिले. मुलगी बोलत राहिली आणि शेवटी आईला राहवेना! भांडण विकोपाला जाऊ लागलं की आपण म्हणतो, 'राहू दे.' एवढंसं क्रियापद, पण अख्खा संसार त्याच्यावर चालतो.

स्पॅनिश भाषेत याच्यासारखीच एक जोडी आहे. नुसतं 'केदार' म्हणजे उरणं, शिल्लक असणं. त्याला 'से' जोडून 'केदार्से' केलं की अर्थ होतो आपणहून थांबणं, मागं राहणं. आपल्याकडे हे 'से'चं काम पुष्कळदा 'आपला-आपली' करतात. 'सगळ्या जत्रेला गेल्या, मी आपली घरीच राहिले.' आता ही बाई हौसेनं राहिली की नाइलाजानं, ते तिच्या आवाजावरूनच कळायचं. ही दोन्ही तऱ्हेची राहणी एका गावात पाहायची असेल, तर सोलापूरला जावं.

सोलापुरात आगगाडी १८६० साली आली आणि १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली. तिला लोक 'जुनी गिरणी' म्हणत. गिरण्या आणि माग यांच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं आली. दुष्काळानं हलवलं म्हणून कोणी आलं, पोटासाठी कोणी आलं. पुढं गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण माणसं काही परत गेली नाहीत. शहराच्या पूर्व भागात आजही घराघरांतून तेलुगु ऐकू येते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. बाजारात तर एकाच दुकानात मराठी, कानडी आणि तेलुगु अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालते.

गंमत म्हणजे कानडीतलं 'इरु' आणि तेलुगुतलं 'उंडु' या दोन्ही क्रियापदांत असणं आणि राहणं एकत्रच नांदतं. आपणही 'मुलगा पुण्याला असतो' असं म्हणतोच की! जिथं असायचं तिथंच राहायचं, हे या शहरानं बोलण्यातही मुरवून घेतलं आहे.

पण 'राहायचं कुठं?' हा प्रश्न बाईला फार महागात पडतो. पूर्व भागातल्या हजारो बायका विड्या वळून घर चालवत आल्या. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, घरी पान भिजवून कापायचं, विडी वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि मोजून परत द्यायची. मजुरी हजारी विड्यांच्या हिशेबानं. भाड्याच्या एका खोलीत चूल, पाळणा आणि तंबाखूचं सूप शेजारी शेजारी. काम कधी संपायचं नाही, आणि स्वतःचं घर करायचं तेवढं राहून जायचं.

या बायका संघटित झाल्या. नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार महिलांच्या सोसायटीची १०,००० घरं उभी राहिली आणि २००६ साली त्यांचं हस्तांतर झालं. वसाहतीला नाव दिलं ते वारली आदिवासींसाठी झगडलेल्या गोदूताई परुळेकरांचं. पुढं त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना निघाली. तिच्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. 'राहतं घर' हे दोन शब्द घरपट्टीवर नुसते वाचायला सोपे. पण घरमालकानं 'खोली खाली करा' म्हटल्यावर ज्यांनी लेकरं आणि भांडी घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, त्यांना त्यांची किंमत विचारावी.

आणखी एका सोलापूरकराचं राहणं जगाच्या पाठीवर नोंदलं गेलं. १९१० साली इथं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार भारतीय डॉक्टरांबरोबर युद्धानं होरपळलेल्या चीनमध्ये गेले. सोबतचे चौघे मायदेशी परतले. हे आपले तिथंच राहिले! १९४१ साली त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाच्या नावात 'भारत' आणि 'चीन' या दोन्ही देशांच्या नावातलं एकेक अक्षर घातलं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर तिथंच वारले. 'केदार्से'चा अर्थ समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात जरूर जा. पण तिथं गेल्यावर घरी वाट पाहत राहिलेल्या माणसांचीही आठवण ठेवा. एकानं हौसेनं राहायचं म्हटलं, की दुसऱ्या कुणाला तरी नाइलाजानं मागं राहावं लागतं.

सोलापूरला जायचंच असेल, तर संक्रांतीच्या सुमाराला जावं. तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, उंचच उंच नंदीध्वज मिरवत नेतात आणि तळ्याकाठचं देऊळ दिव्यांनी उजळतं. येताना चादर तर आणालच. तिच्याबरोबर ज्वारीची कडक भाकरी आणि उखळात तेल सुटेपर्यंत कांडलेली शेंगाचटणीही घ्या. भाकरी कोरड्या डब्यात कितीतरी दिवस राहते, फक्त दमट हवा लागू देऊ नका. चटणीत ओला चमचा घालू नका, म्हणजे तीही चांगली राहील.

आणि घरी परतल्यावर एक करा. कागद घेऊन दोन रकाने आखा. एकात मी आपणहून जिथं राहिले ते लिहा, दुसऱ्यात माझं जे राहून गेलं ते. दुसऱ्या रकान्यातली एखादी तरी गोष्ट अजून करण्यासारखी असेल. राहून राहून जी मनात येते, तिच्यापासूनच सुरुवात करावी.