टॉमची जागा

खांदेदुखी घेऊन येणारे साठीपुढचे रुग्ण बहुधा एकच वाक्य बोलतात, ‘डॉक्टर, हात वर जात नाही.’ गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका काकांची तक्रार निराळी होती. ते म्हणाले, ‘हात टॉमपर्यंत जात नाही.’

काका त्र्याहत्तर वर्षांचे, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. तरुणपणी गणेशोत्सवाचे दहा दिवस ते ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहान ड्रमसेट घेतला. पायाने वाजणारा अठरा इंचांचा बास ड्रम, समोर स्नेअर, उजवीकडे फ्लोअर टॉम, डावीकडे हाय-हॅट, स्टँडवर एक झांज आणि बास ड्रमच्या माथ्यावर दांड्याने बसवलेला बारा इंचांचा टॉम. काकूंना सहा वर्षांपासून पार्किन्सनचा आजार आहे. मुलगा बंगळूरला. घरातले सारे काकाच पाहतात.

मी त्यांचा उजवा हात बाजूने वर उचलून पाहिला. साधारण साठ अंशांपासून एकशे वीस अंशांपर्यंत कळ येत होती, त्याच्या खाली आणि वर फारशी नाही. खांद्याच्या हाडांमधल्या अरुंद जागेत स्नायूची दोरी घासली जाते तेव्हा असे होते, आणि वयानुसार ही दोरी झिजतेही. रक्तातील साखर तपासली, कारण मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. ती ठीक निघाली. साधे वेदनाशामक दिले, हात लोंबता ठेवून झुलवण्याचा व्यायाम दाखवला आणि म्हणालो, ‘तीन महिने ड्रम बंद.’

महिन्याने ते काकूंच्या औषधांसाठी आले. खांदा होता तसाच होता. रक्तदाब वाढला होता, झोप उडाली होती. ‘दिवसभरातली वीस मिनिटं तेवढी माझी होती,’ ते म्हणाले. स्वर तक्रारीचा नव्हता, म्हणूनच मला ते अधिक लागले. मी ड्रमवर बंदी घालून मोकळा झालो होतो; उरलेल्या दिवसभरात हा हात काय करतो, हे विचारलेच नव्हते. आता विचारले. ते काकूंना रोज सात-आठ वेळा एका हाताने ओढून पलंगावरून उठवत होते.

म्हणजे दोषी मुख्यतः दुसराच होता. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना पलंगाच्या कडेला सरकवायचे, त्यांची पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचे आणि कमरेच्या पट्ट्याला धरून जवळून आधार द्यायचा, हे दोघांकडूनही करवून घेतले. ओढण्यापेक्षा यात खांद्यावर फारच कमी भार येतो. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. वाचून ती जमत नाही.

मग ड्रमसेटकडे वळलो. टॉम निर्दोष नव्हताच. काका वाजवायला बसले की स्नेअरवर त्यांचे कोपर बरगडीशी राही, पण टॉमवर जाताना दंड पुढे आणि वर उचलला जाई, नेमका दुखऱ्या टप्प्यात. ‘खाली करा ना,’ मी म्हणालो. ते हसले. ‘कुठं खाली करणार? बास ड्रम अठरा इंच, टॉमची खोली आठ इंच. सव्वीस झाले. वर दोन बोटांची फट. याच्या खाली तो बास ड्रमलाच टेकतो.’

उंच बैठक घेतली तर टॉम आपोआप खाली गेल्यासारखा होतो, हा माझा उपाय. बैठक दोन इंच वर केली. गुडघ्यांना बरे वाटले, पण स्नेअरही वर घ्यावा लागला आणि अंतर जवळपास तेवढेच राहिले.

दुसरा मार्ग काकांना ठाऊक होता : टॉम दांड्यावरून काढून स्नेअरच्या दुसऱ्या स्टँडवर ठेवायचा. मग तो हवा तितका खाली आणि जवळ घेता येतो. खांद्यापुरते पाहिले तर हाच सर्वांत सोयीचा. मी होकार देणार होतो, इतक्यात काकू वॉकर घेऊन आतल्या खोलीतून आल्या. न्हाणीघराची वाट ड्रमसेटला लागूनच जाते. पार्किन्सनच्या रुग्णांची पावले अरुंद जागेत जमिनीला खिळल्यासारखी होतात, आणि त्या स्टँडचे तीन फाकलेले पाय नेमके त्या वाटेत आले असते. काकांनी माझ्याकडे पाहिले. तो मार्ग तिथेच संपला.

उरली झांजेची स्टँड. ती आधीपासून उभीच होती, त्यामुळे नवा पाय जमिनीवर येत नव्हता. तिच्या दांड्याला क्लॅम्प लावून टॉम बास ड्रमच्या माथ्यावरून डाव्या अंगाला आणला. तिथे बास ड्रमची गोलाई उतरती असल्याने टॉमला खाली यायला जागा मिळाली. काठ स्नेअरच्या काठापेक्षा जेमतेम तीन बोटे वर, कल वाजवणाऱ्याकडे अगदी थोडा. फार कलवला तर मनगट मोडून वाजवावे लागते. आणखी डावीकडे नेण्याचा मोह मी आवरायला सांगितला, कारण उजवा हात छातीवरून फार आडवा नेला तरी तीच दोरी चिमटते.

चौथ्या दिवशी फोन आला. ‘डॉक्टर, स्टँड पडली.’ माझ्या पोटात गोळा आला. काकू तेव्हा झोपलेल्या होत्या. दोष साधा होता : टॉमचा भार स्टँडच्या दोन पायांच्या मधोमध आला होता. काकांनी स्टँड फिरवून एक पाय बरोबर टॉमच्या खाली घेतला, आणि विरुद्ध पायावर वाळूची पिशवी टाकली. मेकॅनिकला हे मी सांगायची गरज नव्हती. तरीही जाऊन स्टँड हलवून पाहिली, आणि काकूंना वॉकरसह दोनदा शेजारून चालवले.

बास ड्रमवरचे ओझे उतरल्याने त्याचा स्वर मोकळा झाला, असे काका म्हणतात. माझा कान तेवढा तयार नाही. वाजवताना कानांत बोळे घालण्याची अट मात्र मी घातली आहे आणि ती ते पाळतात, निदान मी असताना.

परवा तपासले तेव्हा रक्तदाब उतरला होता. फळीवरचा डबा काढताना खांदा अजून दुखतो; तो पूर्ण बरा होईल असे मी त्यांना सांगितलेले नाही. रोज सायंकाळी काकूंचे औषध होऊन त्या खुर्चीत स्थिरावल्या की वीस मिनिटे वादन असते. टॉमवर हात दुखतो का, असे विचारले. ‘टॉमवर नाही,’ ते म्हणाले, ‘झांजेवर दुखतो. ती आता खाली घेतोय.’