खांब दुभंगल्यानंतर

गेल्या श्रावणात आम्ही कोहिनूरला आजोळच्या घरी गेलो होतो. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेजवळचे, बसवकल्याण तालुक्यातले हे गाव. घरात मराठी, अंगणापलीकडे कन्नड, अशी तिथली रीत. दुपारी नातू कुरकुर करू लागला, तेव्हा वर्तमानपत्र निवांत वाचता यावे म्हणून आम्हीच आपला मोबाइल त्याच्या हाती दिला. तासाभराने धाकट्या बहिणीने त्यात डोकावून पाहिले, तर त्याने तिला असे ढकलले की तिचे कपाळ उंबरठ्यावर आपटले. ती रडत होती, आणि तो आठ वर्षांचा मुलगा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "उठेल ती आत्ता." त्याच्या खेळातली माणसे मरून पुन्हा उठत होती.

तिच्या कपाळाला हळद लावताना आम्हांस राग आला तो स्वतःचाच.

हिंसेची गोष्ट मुलांच्या कानी पडू नये, असे आम्ही म्हणणार नाही. याच गावी मारुतीच्या देवळात हिरण्यकशिपूच्या वधाचे आख्यान ऐकत आम्ही वाढलो. परंतु खांब दुभंगला, दैत्य मेला, येथे बुवा कधी थांबले नाहीत. देवांनाही न शमवता आलेला नरसिंहाचा क्रोध बालक प्रल्हाद शांत करतो आणि मारल्या गेलेल्या पित्याच्या उद्धाराचे मागणे मागतो, हे सांगितल्यावाचून आरती होत नसे. शिवाय आम्ही भ्यालो, तर पाठीवर आजीचा हात असे.

१९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ बालकांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुली बदडताना ज्यांनी पाहिले, त्यांनी तेच गिरवले. बांडुरांच्या १९६५ च्या प्रयोगात चित्रपटातील मारणाऱ्यास शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. मात्र बक्षीस देऊ करताच तीही इतरांइतकेच करून दाखवू लागली. पाहिलेले आत साठून राहतेच. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली सांगितले की, अशा खेळांमुळे गंभीर हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. ओरडणे, ढकलणे यांच्याशी मात्र त्यांचा लहानसा पण निश्चित संबंध आढळतो. 'ढकलणे' हा शब्द वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तो उंबरठा उभा राहिला.

त्या सायंकाळी नातवाला आम्ही कीर्तनास नेले आणि मांडीशी घेऊन बसलो. बुवांनी प्रल्हादाचेच आख्यान लावले होते. वध झाला, टाळ थांबले. नातवाने आमच्या कानाशी लागून विचारले, "आजोबा, मग त्याचे बाबा परत उठले?"

"नाही, बाळ. ते उठले नाहीत."

तो बराच वेळ गप्प होता. घरी आल्यावर निजलेल्या बहिणीच्या कपाळावरची हळद त्याने बोटाने हळूच चाचपून पाहिली. मोबाइल आमच्या खिशातच होता. त्या रात्री त्याने तो मागितला नाही. उद्या मागेल. तेव्हा वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसणे, एवढे आता आमच्याकडे लागते.