जात्यावरची सीता आणि वहीतली हर्मायनी

जून उजाडला की आमच्या लातुरात घरोघरी एखादं पाहुणं लेकरू येतंच. शिकवणीच्या वर्गांसाठी बाहेरगावची मुलं इथं दोन-दोन वर्षं राहतात, हे तुम्हीही ऐकून असाल. गेल्या वर्षी आमच्याकडे नांदेडहून माझ्या भाच्याची मुलगी आली. तिला सोडून निघताना भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, पोरीकडं लक्ष राहू दे." लोहा, अहमदपूर, चाकूर करत दर महिन्याला तो येतो, घरचं तूप ठेवतो आणि चहा व्हायच्या आत मार्क विचारतो.

अशी ही जोखमीची ठेव. रात्री नऊनंतर तिचा मोबाइल माझ्या कपाटात. तरी खोलीतला दिवा साडेअकरापर्यंत चालू असायचा. मला वाटे, काय अभ्यास करायली पोर! एके रात्री दुधाचा पेला घेऊन गेले, तर तिनं वही झटकन उशीखाली सारली. मैत्रिणींनो, सतरा वर्षांच्या मुलीनं वही लपवली की आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं, ते मी सांगायला नको.

वही फिजिक्सची. पुढून फिजिक्स आणि मागून गोष्ट! तीही चार वेगवेगळ्या अक्षरांत. 'हॅरी पॉटर'मधली हर्मायनी म्हणे लातूरला शिकवणीला आली आहे. मेसच्या डब्यातल्या पातळ वरणावर जादूची छडी फिरवते आणि वरण आणखीच पातळ होतं. मला हसू आलं होतं, पण दाबलं.

"ही काय भानगड? पुस्तक दुसऱ्याचं, माणसं दुसऱ्याची, तू कोण त्यात घालणार?"

"आजी, याला फॅनफिक्शन म्हणतात. जगभर लिहितात." क्लासमधल्या चौघी आळीपाळीनं वही घरी नेतात, एक प्रकरण लिहून पुढचीला देतात. विकायचं नाही, छापायचं नाही. आवडत्या गोष्टीत जिथं आपलं मन अडकून राहिलं, तिथून पुढं लिहायचं.

"अगं, पण सात पुस्तकं झाली. २००७ साली गोष्ट संपली म्हणतेस ना? मग?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या पुस्तकात हर्मायनी आईबाबांच्या डोक्यातून स्वतःची आठवण पुसते. त्यांना धोका नको म्हणून. लेखिकेनं ते थोडक्यात उरकलंय. पण त्या रात्री ती जेवली का? झोपली का? ते कुठंच नाही." तिनं पान पुढं केलं. ते प्रकरण तिचं होतं. त्यात हर्मायनी रिकाम्या घरात आईची साडी हुंगते. हर्मायनीच्या घरी साडी कुठली, हे मी विचारलं नाही. पण रागाच्या भरात दुसरंच बोलले, "लिहिणारीपेक्षा तुला जास्त कळतं का?"

आणि बोलले मात्र, मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. हे वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते.

१९६७-६८ची गोष्ट. मी नांदेडला शाळेत होते आणि दिवाळीत कंधार तालुक्यातल्या आजोळी जायची. पहाटे आजी आणि मोठी मामी समोरासमोर बसून ज्वारी दळत. खुंट्यावर दोघींचे हात, घरघर चाललेली, आणि आजीच्या तोंडी सीतेच्या ओव्या. त्या ओव्यांत लंकेहून परत आल्यावर कैकेयी सुनेला म्हणते, रावण कसा होता, भिंतीवर काढून दाखव. सीतेनं पाहिलेला फक्त त्याच्या पायाचा अंगठा, ती तेवढाच काढते. उरलेला रावण कैकेयी स्वतः पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते. मग वनवास. त्या वनात ना माहेर, ना सुईण. बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत घालतात.

मी शाळेत शिकणारी, शहाणी! म्हटलं, "आजी, हे खोटं आहे. पुस्तकात असं नाही." आजी दळण न थांबवता म्हणाली, "माय, पोथी लिहिणाऱ्याला सासू व्हती का?" मामी हसली. पण मी हट्टानं गुरुजींचं नाव घेऊन चूक दाखवत राहिले. मग आजीनं ओवी सोडली. उरलेलं पायलीभर दळण मुक्यानंच झालं. पुढं गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं.

आजीची रामकथा एकटीची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्या जमवून 'मऱ्हाटी स्त्री-रचित रामकथा' हे पुस्तकच केलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुरुषांनी असं केलं तर आपण त्याला ग्रंथ म्हणतो. पैठणच्या नाथांचं भावार्थ रामायण अर्धं राहिलं, ते त्यांच्या शिष्यानं, गावबानं, पुरं केलं. मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणं रचली म्हणतात. त्यांना कुणी विचारलं नाही, "वाल्मीकीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

नातीनं आणखी एक सांगितलं. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्या बायकांनी आपल्या मनानं रचलेल्या गोष्टी, कविता घालून सायक्लोस्टाइल अंक काढला, तोही १९६७ सालीच. म्हणजे तिकडं त्या शाई लावत होत्या, तेव्हा इकडं मी आजीची तोंडी गोष्ट बंद पाडत होते.

आता वहीचं काय करायचं? ह्यांचं मत, भाच्याला सांगून मोकळं व्हावं. मागच्या चाचणीत फिजिक्सचे मार्क उतरले होते, हेही खरं. शेवटी ठरवलं, वहीला शनिवारची रात्र. बाकी दिवस ती मोबाइलशेजारी माझ्या कपाटात. भाच्याला मी मार्क सांगितले, वहीचं सांगितलं नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर बोल मलाच लागेल, याची धास्ती अजून आहे.

परवाच्या शनिवारी पोरीनंच विचारलं, "आजी, तुझ्या आजीच्या सीतेचं पुढं काय व्हायचं?" मला आठवेना. त्या पहाटेपुढचं मी ऐकलेलंच नव्हतं. म्हणून कंधारच्या मामेबहिणीला फोन लावला. ती आता ऐंशीची आहे. रावणाच्या चित्रापर्यंत आली आणि म्हणाली, "नणंदंनं काढायला लावलं."

"नणंदेनं? अगं, कैकेयीनं!"

"कैकेयी कशाला? नणंदच व्हती."

हिला आयुष्यभर नणंदेनं छळलं, ते साऱ्या भावकीला माहीत आहे. तरी मी हटले नाही, तीही हटली नाही. अर्धा तास आम्ही दोघी भांडत होतो आणि पोरगी शेजारी बसून दोन्ही लिहून घेत होती.