चुन्याचा हात

पेडणे तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नाही. पण गाजेच्या अंतरावर निश्चित आहे. आषाढातील रात्री पडवीत बसले की माडांच्या पलीकडून ती गाज अखंड ऐकू येते. घर जांभ्या चिऱ्यांचे, वर मंगळुरी कौले. भिंती दीड हात जाडीच्या आणि त्यांवर शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. लहानपणी त्या भिंतीला गाल लावला की वैशाखातही गार वाटत असे.

२००८ साली या घराची डागडुजी मी पहिल्यांदा केली आणि तीच माझी मोठी चूक ठरली. माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीचा गिलावा जागोजागी सुटला होता. तो सारा खरवडून दोन्ही बाजूंनी सिमेंटचा पक्का गिलावा करावा, असे मी ठरविले. बाबा मराठी सातवीपर्यंत शिकलेले बागायतदार. ते एवढेच म्हणाले, "चुन्याचाच हात दिला असता तर बरे झाले असते." थोड्या वेळाने आपणच पुढे म्हणाले, "पण तू शिकलेला आहेस. तुला योग्य वाटेल ते कर." या दुसऱ्या वाक्यात परवानगी आहे, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

पहिले वर्ष भिंत आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला फोड आले. तिसऱ्या वर्षी त्या फोडांतून मिठासारखी पांढरी भुकटी गळू लागली. मी त्यावर तैलरंग चढविला. ओल दिसेनाशी झाली, म्हणजे ती गेलीच, असा माझा समज!

त्याच सुमारास विहिरीवर विजेचा पंप बसवून मी पोफळीची रोपे लावली. माडाला खारी हवा मानवते, पोफळीला ती सोसत नाही. तिला मुबलक गोडे पाणी लागते. पंप तासन् तास चालू लागला. दोन उन्हाळ्यांनंतर विहिरीचे पाणी मचूळ झाले आणि रोपांचे शेंडे करपले. किनाऱ्याकडील जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, ही गोष्ट मी पुढे वाचली. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट पातळी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा तोलून धरलेला असतो. वरचे पाणी फूटभर उपसले की खालचे खारे पाणी त्याच प्रमाणात वर चढू पाहते. बाबा रहाटाने मोजके पाणी काढीत. त्यांना हे गणित ठाऊक नसावे. पण विहिरीचा स्वभाव ठाऊक होता.

२०१७ साली बाबा गेले. मुंबईचे दादा म्हणाले, "घर पाडून स्लॅबचे बांधू. कौले परतायची कटकट संपेल." मन तयार होत नव्हते. खाऱ्या हवेत काँक्रीटमधील लोखंड गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते, हे आमच्याच शाळेच्या सज्जावर मी पाहिले होते. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर मी शेजारच्या गावातील एका वृद्ध मेस्तांना बोलावून आणले. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि हसून म्हणाले, "मास्तर, माणसाला रेनकोट घालून कोंडून ठेवलात, तर तो आतून भिजणारच की!"

ते अगदी खरे होते. जांभा सच्छिद्र दगड. पावसाचे आणि जमिनीचे पाणी तो शोषतो आणि उघडीप झाली की सोडून देतो. चुना ते पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवून धरते. मग पाण्यातील क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा ढकलून पाडतात.

काम सुरू करण्यापूर्वी माजघर रिकामे केले. बाबांचा जड लाकडी पलंग त्याच भिंतीशी असे. तो उचलल्यावर तांबड्या कोब्यावर मला पायांच्या खुणा दिसल्या. भिंतीलगत एक जोडी, वीतभर अंतरावर दुसरी, आणखी वीतभर अलीकडे तिसरी. त्या खुणांकडे पाहत मी कितीतरी वेळ उभा होतो. अखेरच्या वर्षांत बाबांना पावसाळ्यात खोकल्याची उबळ येई. आम्ही त्याला वय म्हणत होतो. त्या खोकल्याला ती ओलच कारण होती, असे मी म्हणणार नाही. पण भिंत ओली आहे हे त्यांना रोज रात्री कळत होते. मुलाला दोष देण्याऐवजी त्यांनी दर खेपेस आपला पलंग वीतभर अलीकडे ओढून घेतला होता.

आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने अधोरेखित केल्या. माझ्या चुकीखाली मात्र बाबांनी कधी रेघ ओढली नाही.

पुढील चार महिने काम चालले. चुना भिजवून महिनाभर पाण्याखाली मुरविला. चाळलेली नदीची वाळू आणि गुळाचे पाणी त्यात पडले. समुद्राची वाळू मेस्तांनी आवारात येऊ दिली नाही. तिच्यातील मीठ भिंत कायमची ओली ठेवते. पातळ हात एकावर एक दिले. चुना हवेतील कर्बवायू घेत सावकाश कठीण होतो. तिथे घाई चालत नाही. रोज सकाळी भिंतीवर पाणी शिंपण्याचे काम मी स्वतःकडे घेतले होते.

बागेतही हात घातला. पोफळींचा हट्ट सोडला. पंचवीस फुटांवर माड लावले, खड्ड्यांत सोडणे पुरली आणि पश्चिमेच्या कुंपणाला उंडीची रोपे लावली. कौलांवरचे पाणी पन्हळीने वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडले आणि पंपाला दिवसाकाठी अर्धा तास नेमून दिला. दोन पावसाळ्यांनंतर पाण्याचा मचूळपणा बराच उतरला आहे.

गेल्या चतुर्थीला दादा आले. माटोळीला बांधलेली सुपारी बाजारची होती. नारळ आणि केळ्यांचा घड मात्र परसातलाच होता. रात्री दादांनी भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "बाबांच्या वेळी होती तशीच गार लागते रे." स्लॅबचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पलंग आता पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला आहे. गवंडी कोबा घासून चकचकीत करून देणार होता. पण त्या तीन जोड्यांना हात लावू नको, असे मी त्याला सांगितले.